गोबी वाळू चाळतो, धूत नाही

दिवाळी जवळ आली की मला येणारे फोन ठरलेले असतात. घराला रंग झालेला असतो, पाहुणे यायचे असतात आणि हॉलमधल्या मरीन टँकची वाळू मात्र तपकिरी पडलेली असते. ‘तो वाळू साफ करणारा मासा बसवून द्या,’ असं सांगितलं जातं. फिल्टर बसवतात तसा मासा बसवता येत नाही, हे समजावण्यातच माझा ऑक्टोबर जातो.

तो मासा म्हणजे गोबी. पांढुरक्या अंगावर नारिंगी ठिपक्यांचा डायमंड गोबी (व्हॅलेन्सिएनिया प्युएलॅरिस) आणि पिवळ्या डोक्याचा, गालावर निळी रेघ असलेला व्हॅलेन्सिएनिया स्ट्रिगाटा, या दोघांना मागणी जास्त. आपल्या कोळिणींच्या टोपलीतल्या निवट्या याच गोतावळ्यातल्या. काही निवट्या चिखलावरचा शेवाळी थर खरवडून खातात. प्रवाळखडकांलगतच्या वाळूत राहणाऱ्या या पाहुण्याला मात्र शेवाळात रस नसतो.

त्याचं काम बघत बसावं असं असतं, यात वाद नाही. तोंड वाळूत खुपसायचं, घास भरून घ्यायचा, तोंडातल्या तोंडात घोळवायचा आणि वाळू कल्ल्यांवाटे सोडून द्यायची. मागे राहतात ते कोपेपॉड, अँफिपॉड, बारीक कृमी. सुपात तांदूळ पाखडणारी बाई कोंडा उडवते ती तांदळासाठी, अंगण झाडण्यासाठी नव्हे. गोबीचंही तसंच आहे. वरचा तपकिरी थर खाली जातो, खालचे पांढरे कण वर येतात आणि वाळू स्वच्छ दिसू लागते. सतत उलथापालथ झाल्याने डायटम या सूक्ष्म शैवालाचा तपकिरी थर पुन्हा धरत नाही, एवढा फायदा खरा. पण माशांची विष्ठा तो खात नाही. नायट्रेट, फॉस्फेट कमी करणं तर त्याच्या हातातच नाही. उलट त्याची स्वतःची विष्ठा त्यात भर घालते.

मग उडालेला गाळ जातो कुठे? पाण्यात. पंपाचा प्रवाह चांगला असेल, सम्पमध्ये स्किमर आणि फिल्टर सॉक असेल, तर त्यातला बराचसा तिथे अडकतो. नसेल तर तो दगडांच्या मागे, प्रवाह पोचत नाही त्या कोपऱ्यात जाऊन बसतो आणि काही दिवसांत तिथेच लालसर सायनोबॅक्टेरियाची साय धरते. गोबी घाण हलवतो, ती बाहेर काढायचं काम तुमचं.

नव्या टाकीतल्या तपकिरी थरासाठी तर गोबी आणूच नये. तो डायटमचा असतो, पाण्यातल्या सिलिकेटवर वाढतो आणि टाकी मुरली की बहुतेक वेळा आपोआप ओसरतो. नळाचं पाणी वापरत असाल तर आधी पाणी शुद्ध करणारा आरओ-डीआय फिल्टर लावा. शिवाय नव्या वाळूत त्याला खायला काहीच नसतं.

खरी गोष्ट इथे आहे. हे मासे टाकीत मरतात ते बहुतेक उपासमारीने. समुद्रात एका जोडीला फिरायला वाळूचं मोठं पटांगण असतं. दोन-तीन फुटांच्या टाकीतली वाळू तो थोड्याच काळात रिकामी करतो. त्यानंतरही दिवसभर चाळत राहतो, मालकाला वाटतं मासा कामाला लागलाय, आणि त्याचं पोट आत जात असतं. एक दिवस मासा मेला की ‘टिकाऊ नव्हता’ म्हणून दुसरा आणला जातो. या चक्राचा मला मनापासून राग येतो. गोबी पाळायचाच असेल तर त्याला माशासारखं पाळा. दिवसातून दोन-तीनदा तळापर्यंत पोचेल असं खाणं द्या: गोठवलेली मायसिस, पोषण भरलेली ब्राइन श्रिम्प, बुडणाऱ्या गोळ्या. वरचे डॅमसेल आणि क्लाउनफिश सगळं मटकावत असतील तर नळीने थेट वाळूवर सोडा.

वाळू बारीक हवी, एक-दोन मिलिमीटरच्या कणांची. भरड खडी त्याला तोंडात घोळवता येत नाही. थर तीन-चार सेंटिमीटरचा पुरे. नायट्रेट जिरवण्यासाठी काही जण दहा सेंटिमीटरहून जाड थर ठेवतात, कारण खालच्या प्राणवायू नसलेल्या भागातले जिवाणू ते काम करतात. तो थर जिवंत राहतो त्यातल्या कृमी-किड्यांमुळे, आणि गोबी नेमके तेच खातो. दोन्हींपैकी एकच निवडा. दगड वाळूवर ठेवू नका, आधी तळाच्या काचेवर बसवा आणि मग भोवती वाळू पसरा. हा प्राणी दगडाखाली बीळ खणतो आणि अख्खी रचना कोसळते. स्ट्रिगाटाला तर वाळूचा घास घेऊन वर पोहत जायची आणि तिथून ती सोडायची खोड असते, त्यामुळे खालचे झोआंथिड प्रवाळ रोज झाकले जातात. वर जाळीचं झाकण लागतंच, कारण दोघेही उड्या मारण्यात पटाईत.

परदेशी पुस्तकं वाळूसाठी समुद्री काकडी सुचवतात. आपल्याकडे तो विचारच करू नका. २००१ साली सगळ्या समुद्री काकड्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत गेल्या; दुकानात कोणी हळूच दाखवली तरी हात लावू नका. वाळू चाळणारा तारामासा कायद्यात बसला तरी लहान टाकीत उपाशीच मरतो. त्यापेक्षा नॅसारियस गोगलगायी बऱ्या. दिवसभर वाळूत पुरलेल्या असतात, खाण्याचा वास लागला की सोंड वर करून निघतात आणि उरलंसुरलं संपवतात.

बाकी काम सायफनचं. पाणी बदलताना दर वेळी वाळूचा एक-तृतीयांश भाग सायफनने साफ करा, पुढच्या वेळी दुसरा, म्हणजे त्यातले उपयोगी जीव एकदम जात नाहीत. खाणं मोजून घाला आणि वाळूवरून प्रवाह जावा असा पंपाचा रोख ठेवा. पाहुण्यांसाठी टाकी चकचकीत हवी असेल तर या दिवाळीत एवढंच करा, पुरेल.

आणि एवढं वाचूनही गोबी हवाच असेल, तर मुरलेली, चार फुटांची टाकी असू द्या. दुकानात मासा बाजूने बघा. पोट खपाटीला गेलेलं असेल तर सोडून द्या. ठीक दिसला तरी दुकानदाराला तुमच्यासमोर त्याला खायला घालायला सांगा. खाल्लं नाही तर पैसे देऊ नका.