पटावरचा गडी

आमच्या घरी सायंकाळच्या चहाला वादाचा एखादा विषय लागतोच. पूर्वी तो आमचे वडील पुरवीत. आता नातू पुरवतो. परवा त्याने विचारले, "आजोबा, करार केलेला गडी आलाच नाही, तर संघाने काय करायचं?"

प्रश्न हॉकीचा होता. २०२४ च्या ऑक्टोबरात हॉकी इंडिया लीगचा लिलाव झाला, तेव्हा 'हैदराबाद तूफान्स' या संघाने गोन्झालो पेयात या मूळच्या अर्जेंटिनाच्या आणि पुढे जर्मनीकडून खेळलेल्या खेळाडूवर ६८ लाख रुपये लावले होते. नातवाच्या वहीत असे सगळे आकडे टिपलेले असतात. तो संघ १ फेब्रुवारी २०२५ रोजी अंतिम सामन्यात बंगालच्या संघाकडून ४-३ असा हरला. सामना झाला राउरकेल्यास. नाव हैदराबादचे, घाम ओडिशात. आम्हा मराठी मंडळींना याचे नवल वाटण्याचे कारण नाही. नाव एका गावाचे लावायचे आणि आयुष्य दुसऱ्या गावी काढायचे, हे आम्ही चार पिढ्या करीत आलो आहोत. २००५ साली गच्चीबावलीच्या मैदानावर प्रीमियर हॉकी लीग भरली, तेव्हा एका बाजूस 'हैदराबाद सुलतान्स' आणि दुसऱ्या बाजूस 'मराठा वॉरियर्स' पाहून टाळ्या कोणासाठी वाजवाव्यात, हा पेच काचीगुडा ते सुलतान बाजार या टापूतल्या किती घरांत पडला असेल! आमच्या घरी तो सौभाग्यवतींनी सोडवला. "जिथं पाणी भरतो तिथले आपण," असे म्हणून त्यांनी सुलतानांचा पक्ष घेतला आणि तो वर्षाचा विजेता ठरला.

असो. नातवाच्या प्रश्नाला आम्ही फटकन उत्तर दिले, "पगार कापावा आणि दुसरा घ्यावा." उत्तर देताना आमच्या आवाजात एका जुन्या चिटणिसाचा रुबाब होता, असे सौभाग्यवतींचे म्हणणे. नातवाचे समाधान झाले नाही. खरे सांगायचे तर आमचेही झाले नाही.

दुसऱ्या दिवशी इसामिया बाजारातल्या मराठी ग्रंथसंग्रहालयात आमचे एक वकीलमित्र भेटले. त्यांच्यापुढे आम्ही तोच प्रश्न ठेवला. वकील मंडळींना फी न देता प्रश्न विचारला की ती इतिहासात शिरतात. त्यांनी आम्हांला १८५२ सालच्या लंडनला नेले. योहाना वाग्नर नावाच्या गायिकेने एका नाट्यगृहाच्या चालकाशी गाण्याचा करार केला आणि अधिक पैसे देणाऱ्या दुसऱ्या नाट्यगृहाकडे ती वळली. पहिला चालक न्यायालयात गेला. न्यायाधीशांनी तिला दुसरीकडे गाण्यास मनाई केली; पण पहिल्याकडे गाच, असा हुकूम करण्यास ते धजले नाहीत. "कंठावर जप्ती येत नाही," वकीलसाहेब म्हणाले, "आणि पायांवरही नाही. आपल्याकडच्या १९६३ च्या विशिष्ट अनुतोष कायद्यातही हेच आहे. माणसाच्या अंगच्या गुणावर उभा असलेला करार न्यायालय सक्तीने पाळायला लावीत नाही. भरपाई मागा, दुसरीकडे जाण्याची वाट अडवा. पण त्याला आणून मैदानात उभा करता येणार नाही."

म्हणजे करार करून संघाच्या हाती काय येते? गडी येत नाही. गड्याची वाट अडवण्याचा हक्क तेवढा येतो.

आपल्या शहराने याचा अनुभव २०१८ साली घेतला आहे. खेळ हॉकीचा नव्हता, क्रिकेटचा होता, पण पेच तोच. ज्या डेव्हिड वॉर्नरच्या नेतृत्वाखाली 'सनरायझर्स हैदराबाद'ने २०१६ चे विजेतेपद मिळवले, ज्याला संघाने २०१८ साठी साडेबारा कोटी रुपयांना राखून ठेवले, तो त्या वर्षीच्या मार्चमध्ये केपटाउनच्या कसोटीत चेंडू खरवडण्याच्या प्रकरणात सापडला. ऑस्ट्रेलियाच्या मंडळाने बारा महिन्यांची बंदी घातली आणि आपल्या मंडळानेही त्या मोसमाचे दार बंद केले. उप्पलच्या मैदानावर पहिला सामना ९ एप्रिलला. बंदी आली २८ मार्चला. बारा दिवसांत कर्णधार शोधायचा, सलामीचा फलंदाज शोधायचा! संघाने केन विल्यमसनच्या हाती सूत्रे दिली आणि ॲलेक्स हेल्सला आणले. विल्यमसनने त्या मोसमात ७३५ धावा केल्या, साखळीत संघ पहिला आला आणि २७ मे रोजी मुंबईत अंतिम सामना हरला. वॉर्नरचे नाव मात्र संघाने सोडले नाही. पुढच्या वर्षी तो आला आणि ६९२ धावा करून स्पर्धेत पहिला ठरला. इथे गोष्ट संपती तर कीर्तनात सांगता आली असती. पण २०२१ च्या मेमध्ये त्याच संघाने त्याला कर्णधारपदावरून दूर केले, मग संघातूनही वगळले. म्हणजे गडी नव्हता तेव्हा त्याची जागा राखली, आणि गडी हजर होता तेव्हा त्याला जागा उरली नाही.

हॉकीतले उदाहरण याहून अवघड आहे. २०१३ च्या जानेवारीत हॉकी इंडिया लीगचा पहिला मोसम सुरू झाला. 'मुंबई मॅजिशियन्स' या संघाने चार पाकिस्तानी खेळाडू घेतले होते. सर्व संघांत मिळून ते नऊ होते. त्याच सुमारास सीमेवर आपले जवान मारले गेले, देशात संताप उसळला, मुंबईत मैदानावर निदर्शने झाली, आणि नऊही खेळाडूंना परत पाठवण्याचा निर्णय झाला. ठरलेले मानधन त्यांना पूर्ण देण्यात येईल, असे जाहीर झाले. त्या वेळचे वातावरण आम्ही विसरलो नाही, आणि त्या निर्णयाची उलटतपासणी करण्याचा आमचा अधिकार नाही. आम्ही पाहतो ते चिटणिसाच्या नजरेने. स्पर्धा सुरू झालेली, चार गडी एका दिवसात नाहीसे झालेले, त्यांचा अपराध नाही, संघाचाही नाही, पैसे मोजलेले आणि जागा रिकाम्या. चार्ल्सवर्थ यांच्यासारखा जगन्मान्य प्रशिक्षक असूनही मुंबईचा संघ त्या वर्षी गुणतक्त्याच्या तळाशी राहिला.

वकीलसाहेबांचा निरोप घेऊन आम्ही घरी निघालो. काचीगुड्याच्या स्थानकापाशी गाडीची शिटी ऐकली, आणि जे आठवायचे टाळत होतो ते आठवले.

१९७९ साल. आम्ही आबिद्सवरच्या एका मोठ्या कचेरीत कारकून होतो आणि कचेरीच्या हॉकी संघाचे मानद चिटणीस. हॉकीची स्टिक आम्ही जन्मात धरली नव्हती. पण आमचे अक्षर चांगले होते आणि अर्ज बिनचूक लिहिता येत, एवढ्या पात्रतेवर आमची निवड झाली होती. त्या वर्षी खेळाडूंच्या जागेवर नांदेडचा एक तरुण भरती झाला. दखनी शीख, घरात चार पिढ्या गोदावरीकाठच्या, बोली मराठवाड्याची. कचेरीत सगळे त्याला 'सरदारजी' म्हणत. तो आम्हांला 'भाऊ' म्हणे. फुलबॅकला खेळे, आणि पेनल्टी कॉर्नरवर त्याचा फटका बसला की गोलरक्षक आधी बाजूला होई, मग चेंडू आत जाई. नोकरी वर्षभराच्या उमेदवारीवर होती. दर तिमाहीस चिटणिसाने शेरा लिहायचा, वर्षाअखेरीस नोकरी कायम व्हायची.

साखळी सामने सुरू होऊन पंधरवडा झाला असेल. आई आजारी असल्याची तार आली. त्याने चार दिवसांची रजा मागितली, आम्ही दिली. चाराचे दहा झाले. पत्र नाही, निरोप नाही. सिकंदराबादच्या जिमखाना मैदानावर आम्ही दोन सामने त्याच्यावाचून खेळलो. दुसऱ्यात पाच पेनल्टी कॉर्नर मिळाले. एकही लागला नाही. नावे नोंदवण्याची मुदत संपलेली होती. त्याचे नाव यादीत असेपर्यंत त्याच्या जागी बाहेरचा गडी घेता येत नव्हता.

वरिष्ठांनी आम्हांला बोलावले. वाटा तीन होत्या. बिनपगारी करून वाट पाहायची; नाव खोडून पुढच्या मोसमाची तयारी करायची; किंवा कोणीतरी नांदेडास जाऊन काय ते पाहून यायचे. तिसरी वाट आम्हीच सुचवली आणि आम्हीच हसण्यावारी नेली. एका फुलबॅकसाठी चिटणिसाने प्रवास करायचा? आम्ही पत्र लिहिले.

ते पत्र आम्हांला अजून पाठ आहे, कारण लिहिल्यावर आम्ही ते सहकाऱ्यांना वाचून दाखवले होते आणि त्यांनी वाहवा केली होती. पत्रात आम्ही बालगंधर्वांचा दाखला दिला होता. १२ मार्च १९११, 'मानापमान'चा पहिला प्रयोग. त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी गेली, आणि तरी त्यांनी तोंडाला रंग लावून भामिनी उभी केली. कर्तव्य म्हणजे काय, हे यावरून समजून घ्यावे, असे आम्ही त्या बावीस वर्षांच्या मुलास कळवले. तेच बालगंधर्व दोन वर्षांनी, १९१३ मध्ये, किर्लोस्कर मंडळी सोडून स्वतःची कंपनी काढते झाले, आणि मंडळीला नवी नायिका शोधावी लागली. पुढे तिला दीनानाथ मिळाले. तेही १९१८ मध्ये गेले. ही माहिती आम्हांला तेव्हाही होती. पत्रात आम्ही १९११ लिहिले, १९१३ लिहिले नाही.

पत्राला उत्तर आले नाही. तिमाहीचा दिवस आला आणि आम्ही शेरा लिहिला: 'विनापरवानगी गैरहजर.' दोन शब्द. अक्षर, म्हटल्याप्रमाणे, चांगले होते.

एकोणिसाव्या दिवशी तो आला. आमच्या टेबलापाशी उभा राहिला आणि खिशातून ते पत्र काढून पुढे ठेवले. घडीवर घडी पडून ते फाटायला आले होते.

"भाऊ, माय गेली," तो म्हणाला. "तुमचं पत्र आलं तेव्हा होती. कचेरीतून काय आलं म्हणून इचारलं, तर मी वाचून दाखवलं."

आम्ही काहीतरी सांत्वनाचे बोललो.

"मायनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणली, त्या गाणाऱ्याच्या बायकोपाशी कोण होतं रे त्या दिवशी?"

आम्ही उत्तर दिले नाही. ही गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकली होती, स्वतः दहादा सांगितली होती. गोष्ट सांगणारे सगळे नाट्यगृहात बसलेले असतात. त्या घरात कोणी जात नाही.

त्याने तक्रार केली नाही, पत्र मात्र उचलून नेले. शेरा वर गेला होता. तो परत मागवता आला असता. वस्तुस्थिती नव्याने समजली, एवढे एक वाक्य पुरले असते. तसे वाक्य आम्ही मनात जुळवलेही. पण त्याचे नाव निघाले तर जागा रिकामी होणार होती आणि पुढच्या मोसमासाठी एका उत्तम गड्याशी बोलणे चालले होते. आम्ही वाक्य लिहिले नाही. वर्षाअखेरीस त्याची नोकरी कायम झाली नाही. नवा गडी आला. पुढच्या वर्षी आम्ही ढाल जिंकली.

त्या ढालीसह काढलेले छायाचित्र आमच्या बैठकीच्या खोलीत आहे. मधोमध टाय लावून बसलेले आम्ही. या घटनेविषयी आम्ही घरात कधी बोललो नव्हतो. परवा घरी पोहोचल्यावर नातवाला सगळे सांगितले. त्याने छायाचित्र भिंतीवरून काढून खाली घेतले, एकेक चेहरा पाहिला आणि विचारले, "यात तो कुठे आहे?"

"यात नाही."

तो थोडा वेळ गप्प बसला. स्थानकावरून पुन्हा शिटी ऐकू आली. आमच्या घरून स्थानक दहा मिनिटांच्या वाटेवर आहे.

"आजोबा, तेव्हा इथून नांदेडला गाडी होती?"

"होती," आम्ही म्हणालो. "मीटरगेजची. रोज सुटायची."