मधले माप आणि एक चेहरा

2012 सालच्या मे महिन्यातील एका रविवारी आमच्या धर्मग्रामातील 34 मुलामुलींनी प्रथम कम्युनियन स्वीकारले. ठरलेला छायाचित्रकार ऐनवेळी आजारी पडला. आखातात नोकरीस असलेल्या पुतण्याने भेट दिलेला डिजिटल कॅमेरा आमच्या कपाटात पडून होता. बटण तर दाबायचे, त्यात काय मोठेसे, अशा विश्वासाने आम्ही तो हाती घेतला. चर्चच्या पायऱ्यांवर मुलांना उभे केले. पाठीमागे नुकतीच चुना दिलेली शुभ्र भिंत, मुलींचे पांढरे फ्रॉक, मुलांचे पांढरे सदरे आणि माथ्यावर भर दुपारचे ऊन. आम्ही बटण दाबले आणि मुले घरोघरी पांगली.

छायाचित्राच्या प्रती वाटून झाल्या. दोन दिवसांनी एक माउली भेटावयास आली. दुसऱ्यांच्या वाडीत मजुरी करून तिने लेकीचा फ्रॉक शिवून घेतला होता. तिने छायाचित्र आमच्या मेजावर ठेवले आणि शेवटच्या रांगेच्या टोकाशी बोट टेकवले. म्हणाली, “फादर, फ्रॉक आमच्या मुलीचा आहे. पण मुलगी कुठं आहे?”

आम्ही पाहिले. मुलगी रंगाने सावळी, त्यात ओसरीच्या सावलीत उभी. छायाचित्रात फ्रॉक होता, डोक्यावरील ओढणी होती, हातातील मेणबत्ती होती. चेहऱ्याच्या जागी मात्र एक काळा डाग होता. “कॅमेऱ्याने असे केले, बाई,” एवढेच आम्ही बोलू शकलो. तिने वाद घातला नाही. छायाचित्र पदराआड घेऊन ती निघून गेली. प्रथम कम्युनियन आयुष्यात एकदाच होते, हे आम्हीच वर्षभर त्या मुलांना शिकवले होते.

त्या रात्री आम्ही कॅमेऱ्याची पुस्तिका प्रथमच उघडली.

कॅमेऱ्यात प्रकाश मोजणारे एक यंत्र असते, त्यास मीटर म्हणतात. समोर काय आहे हे त्यास ठाऊक नसते. किती प्रकाश परतून येतो, एवढेच ते मोजते. जग साधारणतः ना पांढरे ना काळे, मधल्या करड्या रंगाचे आहे, असे ते गृहीत धरते. छायाचित्रकार ज्या करड्या कार्डास प्रमाण मानत आले, ते आपल्यावर पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे 18 टक्के प्रकाश परत पाठवते. मीटर प्रत्येक दृश्य त्याच मापाकडे ओढू पाहते. लग्नात पांढऱ्या गाउनमधील नवरीचे जवळून छायाचित्र घ्या, गाउन मळकट दिसेल. काळ्या सुटातील नवऱ्याचे घ्या, सूट विटलेला दिसेल. आमच्या पायऱ्यांवर सारेच शुभ्र होते. हे फार झाले, असे ठरवून मीटरने प्रकाश कमी केला. शुभ्र भिंत करडी झाली आणि सावलीतील तो चेहरा अंधारात बुडाला. आजचे कॅमेरे चेहरे ओळखून प्रकाश बेततात. तरीही अशा दृश्यात ते फसतात.

या दोषावरचा उपाय कॅमेऱ्यातच असतो. अधिक आणि उणे अशी चिन्हे असलेले एक बटण किंवा चकती असते. त्या सोयीचे नाव एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे प्रकाशाची भरपाई. अधिक 1 केले की प्रकाश दुप्पट, उणे 1 केले की निम्मा. बहुतेक कॅमेऱ्यांत हे माप एक-तृतीयांशाच्या पायरीने बदलता येते. पांढऱ्या दृश्याला अधिक द्यावे, काळ्याला उणे करावे, हा नियम प्रथम उलटा वाटतो. पण मीटरची खोड लक्षात आली की पटतो. मोबाइलवरही चेहऱ्यावर बोट टेकवून ते वर सरकवले की बहुधा हीच भरपाई होते.

मात्र भरपाई फुकट मिळत नाही. त्या दिवशी अधिक 1 दिले असते, तर चेहरा उजळला असता. पण मागील भिंत कोरी पांढरी होऊन तिच्यावरील नक्षी पुसली गेली असती. तेव्हा काय गमवायचे आणि काय राखायचे, हे यंत्र ठरवू शकत नाही. ते कॅमेरा धरणाऱ्यानेच ठरवावयाचे असते. भिंत गेली तरी चालेल, चेहरा राहिला पाहिजे, एवढे आम्हांस त्या सकाळी सुचावयास हवे होते.

जेथे आपणांसही अंदाज येत नाही, तेथे ब्रॅकेटिंग उपयोगी पडते. एकाच दृश्याची तीन छायाचित्रे कॅमेरा लागोपाठ घेतो: एक मीटरच्या मापाचे, एक उणे, एक अधिक. पास्काच्या जागरण विधीत अंधाऱ्या चर्चमध्ये एकच मेणबत्ती तेवत असते. मीटर त्या पवित्र अंधारास दोष समजून उजेड वाढवते आणि ज्योतीचा नुसता पांढरा ठिपका होतो. तेथे आम्ही शून्य, उणे 1 आणि उणे 2 अशी तीन घेतो. 36 छायाचित्रांच्या फिल्ममध्ये अशी 12 दृश्येच मावत; आता ती काटकसर उरली नाही. परंतु हा उपाय वेदी, खिडकी, ज्योत अशा स्थिर गोष्टींसाठी बरा. तीन छायाचित्रांच्या अवधीत मूल मान वळवते. मुलासमोर आधीच निर्णय घ्यावा लागतो.

पुस्तिका वाचताना सेमिनरीतील नीतिशास्त्राचा तास आठवला. नियम सर्वांसाठी असतो, म्हणूनच तो एखाद्या प्रसंगी उणा पडतो, असे ॲरिस्टॉटलने सांगितले आहे. त्याने दाखला दिला तो लेस्बॉस बेटावरील गवंड्यांच्या शिशाच्या पट्टीचा. ती पट्टी दगडाच्या आकाराप्रमाणे वळत असे. नियमाची ही उणीव भरून काढणाऱ्या वृत्तीस संत थॉमस अक्वायनस यांनी सद्गुणांत स्थान दिले. परीक्षेत हे उत्तर आम्ही उत्तम लिहिले होते. परंतु पायऱ्यांवर उभ्या असलेल्या 34 मुलांना एकच माप लावताना ते आठवले नाही. पापनिवेदनाच्या आसनात, शाळेच्या प्रवेशाच्या वेळी, मदतीचे अर्ज वाचताना असे किती चेहरे मधल्या मापाने आमच्यासमोरून काळवंडून गेले असतील, हा विचार त्या रात्री झोपू देईना.

पुढच्या रविवारी आम्ही त्या मायलेकींना मिस्सानंतर थांबवून घेतले आणि झाल्या प्रकाराबद्दल क्षमा मागितली. मुलीने तोच फ्रॉक घातला होता. तिला चर्चच्या दारात सावलीत उभे केले, अधिक 1 दिले आणि छायाचित्र घेतले. कॅमेऱ्याच्या मागील पडद्यावर चेहरा स्पष्ट दिसत होता, डोळ्यांतले हसूसुद्धा. आईने ते किती तरी वेळ पाहिले. ते छायाचित्र आजही त्यांच्या घरी देव्हाऱ्याशेजारी आहे. परंतु त्यात तिच्या सोबतचे 33 जण नाहीत, आणि ती उणीव कुठलेही बटण भरून काढू शकत नाही.

जाता जाता एक सूचना. काम झाले की भरपाईचा आकडा पुन्हा शून्यावर आणावा. आम्ही तो विसरलो आणि दुसऱ्या दिवशीच्या स्नानसंस्काराची सारी छायाचित्रे पांढरीफटक आली. कालच्या माणसासाठी योग्य ठरलेले माप आजच्या माणसाला लागू पडेलच असे नाही. प्रत्येकापुढे नव्याने पाहावे लागते. आता बटण दाबण्यापूर्वी आम्ही शेवटच्या रांगेच्या टोकाशी कोण उभे आहे, ते आधी पाहतो.