उंची १५५०, लांबी ४५६१

३ ऑगस्ट २०२५, रविवार
ताईनं बेंगळुरूहून पाठवलेली कारसीट आली. तिच्या लेकाची. तळाला प्लॅस्टिकवर मुदत कोरलेली आहे, २०२९. ही सीट कधी अपघातात सापडलेली नाही, असं तिनं चिठ्ठीत लिहून खाली दोन रेघा मारल्यात.
पोलोत लावून पाहिली. बाळाची पाठ रस्त्याकडे, तोंड डिकीकडे. पुढच्या सीटवर कधीच नाही, एअरबॅग उघडली तर थेट याच सीटवर आदळते. म्हणून मागे. मागे लावायची तर पुढची सीट पुढे ओढावी लागते. नवरा सहा फूट. बसला. गुडघे डॅशबोर्डला.
"म्हणजे आता तिघांनी मिळून कुठं जायचंच नाही," म्हणाला.

५ ऑगस्ट
डॉक्टर म्हणाल्या, चालवा, पण पट्टा पोटाखालून, मांड्यांवरून घ्या. पोट स्टेअरिंगपासून लांब ठेवा. पाय मात्र क्लचपर्यंत पोचला पाहिजे. तिन्ही एकदम जमवून दाखवा.

१० ऑगस्ट, रविवार. सातारा
डोहाळेजेवण. खंबाटकी घाट मीच चढवला. आईला सांगितलं नाही. दुसरा, तिसरा, पुन्हा दुसरा. दहा वर्षांची जीटी टीडीआय, अजूनही ट्रकांच्या रांगेतून अशी निघते की हसू येतं.
वाटीखाली बर्फी निघाली. मुलगी, असा निकाल लागला. मग लगेच गाडीचा विषय. काका: इनोव्हा. आत्या: सनरूफ पाहिजेच. मामा: सीएनजी, बाकी सगळा मूर्खपणा. मामी: गाडी कुठलीही घ्या, रंग काळा नको.
माझे वडील, अण्णा, गप्प. एसटीत आयुष्य काढलं, स्वतःची चारचाकी कधी घेतली नाही. जेवणं झाल्यावर खाली जाऊन पोलोचं दार उघडलं, लावलं. पुन्हा उघडलं, लावलं.
"दार चांगलंय," म्हणाले.

१५ ऑगस्ट
लाल किल्ल्यावरून घोषणा. दिवाळीपर्यंत जीएसटी कमी होणार. नवरा खूश. आता थांबू.
लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला. माझी तारीख २८.

१७ ऑगस्ट, रविवार
सासूबाईंचं म्हणणं एकच, गाडी उंच हवी. बाळाला घेऊन वाकायचं नाही, गुडघ्यांना त्रास नाही. बरोबरच आहे त्यांचं. सोसायटीत चार घरांनी तशाच घेतल्यात.
खाली जाऊन पझल पार्किंगच्या खांबावरची पाटी वाचली. गाडीची उंची जास्तीत जास्त १५५० मिलिमीटर. उंच गाड्यावाल्यांना तळमजल्याचे, उघडे पॅलेट मिळालेत. आमचा मधला.
यादीवर काट मारली. नेक्सॉन १६२०. कायलॅक १६१९. ब्रेझा १६८५. फ्रॉन्क्स बरोबर १५५०. नवरा म्हणाला, बसेल की. मी म्हटलं, टायरमध्ये हवा भरल्यावर?
सासूबाई पाटीकडे बघत राहिल्या. "बिल्डरला लेकरंबाळं नव्हती का?"

२० ऑगस्ट
आय-ट्वेन्टी एन लाइन. १२० पीएस. एक्झॉस्टचा आवाज ऐकून पोटात लाथ बसली. याला कौल म्हणायचं की तक्रार? स्टेअरिंग घट्ट, गिअर छोटे छोटे पडतात, बाणेर रोडच्या गर्दीतही मजा आली.
मग डिकी. ३११ लिटर. प्रॅम बसली. प्रॅमशिवाय काही बसलं नाही.
घरी येऊन क्रॅश टेस्ट पाहिली. २०२२ च्या ग्लोबल एनकॅपमध्ये आय-ट्वेन्टीला तीन तारे. तेव्हा एअरबॅग दोनच सक्तीनं येत, आता सहा येतात. नवरा म्हणतो, म्हणजे आता ठीक. मला व्हिडिओतला मागच्या सीटवरचा छोटा पुतळा दिसत राहिला.

२३ ऑगस्ट, शनिवार
अल्ट्रोज. दारं नव्वद अंशांत उघडतात. कारसीट हातात धरून सरळ आत गेले, कंबर वळवावी लागली नाही. आईच्यानं, हे दार बाईनं काढलेलं असणार. डिकी ३४५. पाच तारे. डिझेलही मिळतं. फोनवर अण्णांना डिझेल म्हटलं तर आवाजच बदलला.
चालवायला? चांगली आहे. समजूतदार. चांगल्या स्थळासारखी.
नवऱ्यानं नेहमीचा मुद्दा काढला. पॅलेटवर शेजारी खांब. नव्वद अंश उघडायला जागा कुठं आहे?

२७ ऑगस्ट
गणपती आले. उकडीचे मोदक एकवीसऐवजी तेवीस झाले, दोन फुटले, ते मी खाल्ले. भावोजींनी आरतीनंतर रीसेल व्हॅल्यूवर प्रवचन दिलं.

४ सप्टेंबर
काल रात्री जीएसटी परिषदेचा निर्णय. चार मीटरच्या आत, पेट्रोल १२०० सीसी किंवा डिझेल १५०० पर्यंत: अठरा टक्के. त्यावरच्या: चाळीस. लागू २२ सप्टेंबरपासून.
नवऱ्यानं एक्सेल उघडली. आय-ट्वेन्टी एकोणतीसवरून अठरावर. अल्ट्रोज डिझेल एकतीसवरून अठरावर. मी हळूच म्हटलं, व्हर्टस? एक लिटरचं इंजिन, पण लांबी ४५६१. म्हणजे मोठी गाडी. पंचेचाळीसवरून चाळीस.
"एवढ्याशा इंजिनाला चाळीस टक्के?"
"लांबीचे आहेत."
वर महाराष्ट्राचा रोड टॅक्स. त्यानं एक्सेल बंद केली. उद्या बघू.

७ सप्टेंबर, रविवार
आज रात्री चंद्रग्रहण. सासूबाईंनी सकाळीच बजावलं, वेध लागायच्या आत घरात. चिरायचं नाही, कापायचं नाही, शिवायचं नाही. टेस्ट ड्राइव्हबद्दल शास्त्रात काही नाही.
साडेनऊला व्हर्टस. एक लिटर टीएसआय, सहा गिअर, मॅन्युअल. शोरूमचा मुलगा माझ्या पोटाकडे बघून म्हणाला, "सर चालवतील ना?" सर मागे बसले, कारसीटशेजारी.
वारजे, मग चांदणी चौक. दीड-दोन हजार आरपीएमच्या खाली सुस्त. तीन सिलिंडरची थरथर पायाला कळते. दोन हजारांच्या वर गेली आणि मला पोलो आठवायची थांबली. उतारावरच्या वळणावर गाडी अंग टाकत नाही, रेषेत राहते. मुलगा बोलायचा थांबला. नवरा मागून म्हणाला, "बाळाला कळतंय सगळं."
परत आल्यावर मोजमाप. सीट आयसोफिक्सच्या कडीत खट्कन बसली, हिरवी खूण दिसली. पट्ट्यांची कुस्ती नाही. पुढे नवरा बसला, गुडघे मोकळे. डिकी ५२१ लिटर: प्रॅम, दोन बॅगा, वर सासूबाईंचा साताऱ्याहून येणारा तांदूळ. ग्लोबल एनकॅपचे पाच तारे, मोठ्यांसाठीही, मुलांसाठीही. उंची १५०७.
सासूबाईंना बसवलं. बसल्या. उठताना खिडकीची चौकट धरली.
"खोल आहे गं."
पुढं काही बोलल्या नाहीत. ते जास्त लागलं.

११ सप्टेंबर
पितृपक्ष. शोरूमवाला रोज फोन करतो, आत्ता बुक करा, मागाहून गर्दी होईल. सासूबाई नाव काढू देत नाहीत. अण्णांना विचारलं. ते म्हणाले, "पक्षात गाडी आणू नये. भाव करायला काय हरकत आहे?"

१५ सप्टेंबर
रात्री तीन. कुशी बदलायची तरी आधी उठून बसावं लागतं.
परत क्रॅश टेस्ट बघत होते. ताशी ६४ ची धडक, हळू करून दाखवतात, काचा संथ उडतात. नवऱ्यानं फोन काढून घेतला.
मला गाडी का हवी ते कुणालाच सांगितलेलं नाही. ऑफिसातून कधी उशीर झाला की मी घरी न वळता डोणज्यापर्यंत जायचे. सिंहगडावर नाही, पायथ्यापर्यंतच. चहा, आणि परत. कुणी विचारलं तर ट्रॅफिक होतं. हे नवऱ्याच्या एक्सेलमध्ये कुठल्या रकान्यात लिहायचं?

१८ सप्टेंबर
भांडण. त्याला ऑटोमॅटिक हवी. कर्वे रोड, सिग्नल, मागे रडणारं मूल, एक हात कायम गिअरवर, का? मुद्दे सगळे खरे. मी म्हटलं, तू चालवणार का? तो म्हणाला, कधीतरी. मी म्हटलं, कधीतरीसाठी लाखभर जास्त?
जेवताना कुणी बोललं नाही. नंतर त्यानं पाय चेपून दिले. गिअर मॅन्युअल. ठरलं.

२१ सप्टेंबर
सर्वपित्री. सासूबाईंनी खिरीचा वाडगा पुढे ठेवला आणि म्हणाल्या, "ती खोलवाली घे. मी मागच्या सीटवर उशी घेऊन बसेन. बाळाशेजारी कुणीतरी लागेलच ना?"

२२ सप्टेंबर, सोमवार
घट बसले. बुकिंग केलं. शोरूममध्ये रेशन दुकानापेक्षा मोठी रांग. पांढरी सहा आठवड्यांनी, लाल लवकर. लाल.

२८ सप्टेंबर, रविवार
पोलो बघायला वाईचा एक मुलगा आला, सोबत त्याची आई. अ‍ॅव्हरेज विचारलं नाही. टायमिंग बेल्ट कधी बदलला ते विचारलं. बॉनेटखाली वाकून कितीतरी वेळ ऐकत होता. मी हजार रुपये कमी केले, त्यानं मागायच्या आधी.
फॉर्म २९, फॉर्म ३०, सह्या. त्याची आई म्हणाली, "घाटात हळू चालवायला सांगा हो याला." मी सांगितलं. तो आणि मी, दोघंही दुसरीकडे बघत होतो.

२ ऑक्टोबर
दसरा. गाडीचा पत्ता नाही. पूजा करायला वाहन नाही म्हणून सासूबाईंनी प्रॅमला झेंडूचा हार घातला.

९ ऑक्टोबर
"मॅडम, ट्रान्झिटमध्ये आहे." चाकणहून पुण्यात यायला किती ट्रान्झिट लागतं?

१८ ऑक्टोबर, शनिवार
धनत्रयोदशी. आली. बॉनेटवर स्वस्तिक, चाकाखाली लिंबं, नारळ बंपरपासून लांब फोडला. मी स्टेअरिंगमागे बसून पाहिलं. सीट मागे घेतली तर पाय पोचत नाही, पुढे घेतली तर हॉर्न वाजतो. उतरले.
नवऱ्यानं आणली. कोथरूड डेपोच्या सिग्नलला तीनदा बंद पडली. मी काही बोलले नाही. रोजनिशीत लिहून ठेवते फक्त.

२५ ऑक्टोबर
मुलगी. दोन किलो नऊशे. सिझर.

२९ ऑक्टोबर, बुधवार
घरी आलो.
सुट्टी मिळायच्या आधी दवाखान्याच्या दारात वाद. आई आणि सासूबाई पहिल्यांदाच एका बाजूला. चार दिवसांचं लेकरू पट्ट्यात बांधायचं? मांडीवर घ्या की. नवरा कलम सांगायला लागला, १९४-ब, हजार रुपये दंड. कुणी ऐकेना.
अण्णा म्हणाले, "दंडाचं सोडा. करकचून ब्रेक लागला की उभा प्रवासी कुठं जातो, ते मी आरशात बघितलंय. धरून ठेवलेलं हातात राहत नाही." मग बाळाला स्वतःच सीटमध्ये ठेवलं. नवऱ्यानं हनुवटी छातीला टेकत नाही ना ते पाहिलं, मान पुढे पडली तर श्वास अडतो. टोपडं राहू दिलं, जाड दुपटं काढलं, पट्टा अंगाला लागला पाहिजे म्हणून. पट्टा लावल्यावर दुपटं वरून.
चालवली अण्णांनी. मी आणि सासूबाई मागे, कडेला ती. सासूबाई उशीवर. ताशी तीस. प्रत्येक स्पीडब्रेकरला गाडी जवळजवळ थांबवून. मागचे हॉर्न मारत होते. अण्णांना एसटीत कुणी हॉर्न मारायची हिंमत केली नसेल.
"सहावा गिअर आहे म्हणे यात," म्हणाले. "तो कुठं टाकायचा?"
"शिरवळच्या पुढं," मी म्हटलं.

६ नोव्हेंबर
झोप नाही. गाडी खाली उभी आहे. पॅलेट फिरवायचा आवाज आला की वाटतं आपलीच.

१७ नोव्हेंबर
नवरा रात्री अकराला तिला घेऊन खाली गेला, गाडीत झोपते का बघायला. अर्ध्या तासानं आला. ती टक्क जागी. हा जांभया देतोय. म्हणाला, आता बंद पडत नाही.

८ डिसेंबर, सोमवार
सहा आठवड्यांची लस. डॉक्टरांनी मलाही परवानगी दिली. टाके ओढत नाहीत ना ते बघून, हळूहळू.
मी चालवली. जाताना शांत. येताना बोंब, लस टोचलेली मांडी लाल. सासूबाई मागून खुळखुळा वाजवत होत्या, मधेच मला म्हणत होत्या, पुढं बघ, पुढं बघ. दुसऱ्याच्या वर गाडी गेलीच नाही. फक्त म्हात्रे पुलावर रस्ता मोकळा मिळाला, तिसरा टाकला, अडीच हजारांपर्यंत जाऊ दिला.
"किती जोरात!" सासूबाई.
घरी आल्यावर त्यांनी विचारलं, अ‍ॅव्हरेज काय देते गं?
स्क्रीनवर ९.४ होतं. मी म्हटलं, बघावं लागेल.