आग्रह जिलबीचा

आमच्याकडं ताटावर हात आडवा धरला तरी वाढपी बोटांच्या फटीतून जिलबी सोडतो. पाव्हणा 'बास, बास' म्हणतो, यजमान 'एवढी एकच' म्हणतो, आणि दोघांचाही मान राहतो. हाच आग्रह बाटलीजवळ गेला की काय होतं, ते मी शहरातल्या एका हॉटेलात बारमागं उभं राहून बरीच वर्षं पाहिलंय. तिथं निदान बिलाचा धाक असतो. शेतावरच्या बैठकीत तोही नाही. उलट 'माझ्या हातचा एक घ्यावाच लागंल' म्हणणारे पाचजण असतात.

नोकरी सोडून बिडकीनला परतलो तोवर गावाची कळा बदलली होती. ऑरिक या औद्योगिक शहराची इथली वसाहत जवळजवळ ३२ चौरस किलोमीटरची. जमिनी गेल्या, पैसा आला, २०२४ मध्ये टोयोटा आणि एथरच्या कारखान्यांच्या घोषणा झाल्या. कंपनीचे साहेब, ठेकेदार, प्लॉट बघायला येणारे असे नवे पाव्हणे घरोघर दिसायला लागले. 'बसणं' वाढलं, पण बसवायचं कसं हे कुणी शिकवलेलं नव्हतं. आमच्या वडिलांच्या पिढीत पिणारा बांधाआड पिऊन यायचा. यजमानानं ग्लास भरून पुढं करणं ही गोष्टच नवी. म्हणून लोक मला बोलावतात.

मागच्या आषाढात गावातल्या अण्णांनी बोलावलं. थोरल्या लेकीचं लग्न नुकतंच झालेलं, जावयाचा पहिला आखाड. शेतावर बोकड, जावयाचे मित्र, भावकी. अण्णा स्वतः घेत नाहीत, पण जावयापुढं हात आखडता कसा घ्यायचा? म्हणाले, "तू फक्त बाटल्यांकडं बघ. जावईबापूला काही कमी पडायला नको."

मी आधी विचारलं, कोण कशावर येणार? यादीत निम्मे मोटारसायकलवर, तेही पैठण रोडनं. मग दुसरं, परवान्याचं. आपल्याकडं दारू प्यायला परवाना लागतो हे ऐकून माणसं अजून हसतात. पण १९४९ चा दारूबंदी कायदा महाराष्ट्रात आजही लागू आहे. पिणाऱ्याकडं परवाना हवा, आणि अशा कार्यक्रमात दारू द्यायची तर उत्पादन शुल्क खात्याकडून एका दिवसाचा परवाना काढावा. तो मी अण्णांना काढायला लावला. बिअरला २१ आणि कडक दारूला २५ वर्षं पूर्ण लागतात, म्हणून अण्णांच्या कॉलेजातल्या पुतण्याला पहिल्यापासूनच चुलीकडच्या कामाला लावला. तो रुसला. रुसू दे.

खरा वाद जेवणाच्या वेळेवरून झाला. आमच्याकडची रीत अशी की, आठला बाटली उघडायची, अकरापर्यंत शेंगदाणे-फरसाणावर ढकलायचं आणि रस्सा गार झाल्यावर 'वाढा आता' म्हणायचं. तोवर निम्म्यांना चव कळत नाही, उरलेल्यांना भूक राहत नाही. अण्णांच्या घरच्या काकूंना मी विचारलं, तुम्हाला या बैठकीचा राग कशाचा येतो? त्या तव्यावरची भाकरी उलटत म्हणाल्या, "पितेत त्याचं एक असू दे रे बाबा. पन जेवनार कधी ते तर सांगा! आम्ही बाया चुलीपुढं ताटकळतो." मग ठरलं, साडेआठला पंगत. ज्याला घ्यायचं त्यानं त्याआधी एक आणि जेवताना एक घ्यावा. जेवण पुढं सरकणार नाही. माळकरी भावकीची चूल आणि पंगत विहिरीपलीकडं वेगळी केली. त्यांना दारूचा वास येणार नाही एवढं अंतर ठेवणं हाही पाहुणचारच.

माझी हत्यारं साधी: एक ३०-६० चं पेग मेजर, बर्फाचा डबा आणि पाण्याचे जार. अंदाजानं ओतायचं नाही. घरच्या स्टीलच्या ग्लासात 'दोन बोटं' ओतली की कधी ६० होतात, कधी ९०, आणि पिणारा मात्र 'एकच घेतला' असं मनापासून सांगतो. दुसरं, अर्ध्या ग्लासावर भर घालायची नाही. ग्लास रिकामा होऊ द्यायचा, मग विचारायचं. वरून भर पडत राहिली तर स्वतः पिणाऱ्यालाही आपला हिशेब लागत नाही. राउंड तर नकोतच. राउंडमध्ये सगळ्यांना सगळ्यात जोरात पिणाऱ्याच्या वेगानं जावं लागतं.

जावयाचा एक मित्र म्हणाला, "मी बिअरवालाय, मला काय होत नाय." हातात स्ट्राँगची ६५० ची बाटली. त्याला हिशेब सांगितला: आठ टक्क्यांच्या त्या बाटलीत ५२ मिलिलिटर अल्कोहोल. व्हिस्कीच्या दोन मोठ्या पेगात जवळपास तेवढंच. तो बाटलीवरचं लेबल वाचत बसला. बिअरसाठी आमच्या जिल्ह्याचं नाव आहे. कारखाने इथं, पाणी जायकवाडीचं. २०१६ च्या दुष्काळात हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाला या कारखान्यांच्या पाण्यात कपात करायला लावावी लागली होती. असं असून बिअरला सरबताच्या रांगेत बसवणारे इथंच जास्त.

न पिणाऱ्यांचं मी वेगळं बघतो. लिंबू, काळं मीठ आणि सोडा, तोही व्हिस्कीच्याच ग्लासात, तसाच बर्फ घालून. एक पोरगा कोपऱ्यात नुसता हात चोळत बसला होता. त्याच्या हातात तो ग्लास दिला, तसा तो मोकळा होऊन गप्पांत शिरला. त्यात काय आहे हे कुणी विचारलं नाही. रिकामा हात दिसला की माणसं भरायला धावतात.

मोटारसायकलींच्या किल्ल्या आल्या आल्याच एका डब्यात टाकून घेतल्या होत्या. रंगात आल्यावर मागितल्या तर भांडण होतं. शुद्धीत असताना माणूस हसत देतो. कायद्यात मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, पहिल्याच वेळी दहा हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. शरीर साधारण तासाला एक छोटा पेग पचवतं, आणि कॉफी, लिंबू, थंड पाण्याची अंघोळ यांनी त्यात एका मिनिटाचाही फरक पडत नाही. म्हणून पाव्हण्यांना सोडायला पिकअप ठेवला होता, आणि त्याचा ड्रायव्हर न पिणारा ठरवलेला. त्याला पूर्ण मजुरी आणि जेवण दिलं. 'घे एक क्वार्टर' म्हणून मजुरी भागवण्याची जी पद्धत पडलीय, ती मला यजमानाला शोभणारी वाटत नाही.

जेवणं झाल्यावर बिअरवाल्यानं व्हिस्की मागितली. आवाज चढलेला. मी नाही म्हणण्याआधीच त्यानं जावयाकडं बघून टोमणा मारला, "दाजी, सासरा हात राखून दिसतो!" अण्णांचा चेहरा उतरला. त्यांनी बाटलीकडं बघितलं, मग माझ्याकडं. सासरा नाही म्हणू शकत नाही. वाढपी म्हणू शकतो. मी उठून त्याच्या शेजारी बसलो आणि कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हणालो, "भाऊ, काकूंनी तुमच्यासाठी काळीज वेगळं ठेवलंय, ते आधी खाऊ." ताट त्याच्या मांडीवर आलं. एका हातात भाकरी, दुसऱ्यात वाटी. ग्लास धरायला हात उरला नाही. बाटली मी तेवढ्यात पेटीत घातली. चार घास खाल्ल्यावर त्यानं पुन्हा मागितली. 'संपली' असं खोटं मी बोललो नाही. 'आज बंद' एवढंच म्हणालो. तो मला काहीबाही बोलला. ते ऐकून घेणं हॉटेलात पगारात असायचं, इथं अण्णांच्या मटणात धरलं.

त्याला बाजेवर झोपवला, चौघांना पिकअपनं सोडलं.

अण्णांना अजून वाटतं की त्याला एक द्यायला हवा होता. व्याह्यांकडं चर्चा झाली म्हणे, बिडकीनच्या पाव्हण्यांनी मोजून पाजली. काकूंनी मात्र पेग मेजर घासून-पुसून स्वतःच्या कपाटात ठेवलंय आणि मला परत देत नाहीत.