गळतीच्या मागावर

सध्या कुणीही, कुठल्याही विषयावर माझ्याशी बोलायला लागलं की दोन मिनिटांत मी गाडी ओ-रिंगवर आणते. बँकेतल्या सहकाऱ्यांनी हात टेकलेत. नवरा म्हणतो, ‘‘तुला लागण झालीय.’’ झालीच आहे! कर्जाच्या फायली तपासण्यात हयात गेलेल्या बाईला पन्नाशीला आल्यावर कळावं की चिमुकल्या रबरी कड्यांच्या भरवशावर अर्धा टन माल हवेत तोलला जातो, आणि तिने गप्प बसावं? कसं शक्य आहे?

निमित्त झालं माझ्या मावसभावाच्या लोडरचं. दादाची सिन्नर तालुक्यात ब्रॉयलरची पोल्ट्री आहे. बॅच उठली की शेडमधलं कोंबडखत काढायचं, धुवायचं, चुना मारायचा, नवं तूस पसरायचं, की पुढची पिल्लं हजर. खत काढायला त्याने एका रस्त्याच्या कंत्राटदाराकडून जुनं स्किड स्टीअर लोडर घेतलं. जेसीबीपेक्षा कितीतरी लहान, एका माणसापुरती केबिन, पुढे बकेट, चार चाकं, आणि स्टिअरिंग नाहीच! डाव्या बाजूची दोन चाकं एका दांड्यावर, उजवीकडची दोन दुसऱ्यावर. एक बाजू पुढे, दुसरी मागे केली की पठ्ठ्या चाकं घासत जागच्या जागी गरकन फिरतो. शेडच्या दोन खांबांमधून तो असा वळतो की बघत राहावं. कंपनी कुठलीही असो, आमच्याकडे त्याला सगळे बॉबकॅटच म्हणतात.

दिवाळीच्या सुट्टीत गेले तर हे बॉबकॅट शेडबाहेर उभं आणि खाली काळं थारोळं. थेंब पडतोय, पडतोय, पडतोय. दादा शांत. ‘‘जुनं यंत्र आहे गं, थोडं गळणारच. तेल टाकायचं अन् चालवायचं.’’ आता हिशेब म्हटला की मला राहवत नाही. एक थेंब ०.०५ मिलिलिटरचा धरा, सेकंदाला एक. दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणजे चोवीस तासांत चार लिटरच्या वर! मी हा आकडा दादासमोर मांडला आणि त्याने निमूटपणे मेस्त्रींना फोन लावला.

मला वाटलं होतं, मेस्त्री येतील, पाना काढतील, काहीतरी आवळतील, जातील. छे! त्यांनी पाना पिशवीतून काढलाच नाही. डिझेल मागितलं, जुना ब्रश मागितला, आणि म्हणाले, ‘‘ताई, आधी आंघोळ. घाणीत गळती दिसत नाही.’’ मग त्यांनी बकेट जमिनीला टेकवलं, इंजिन बंद केलं, बंद इंजिनावरच पेडल पुढेमागे दाबून होजमधला अडकलेला दाब मोकळा केला, बोल्ट सोडले आणि अख्खी केबिन मागे उलटवली.

आणि मी आत बघितलं.

काय सांगू! बाहेरून नुसता पत्र्याचा डबा दिसणाऱ्या त्या यंत्राच्या पोटात केवढा संसार! इंजिनाला जोडलेले पंप. त्यांतला एक आर्म आणि बकेटसाठी. दोन खास चाकांसाठी, डाव्या बाजूला एक, उजव्या बाजूला एक. त्यांच्याकडून तेल जातं दोन मोटरींना, मोटरी फिरवतात साखळ्या, साखळ्या फिरवतात चाकं. गिअर नाही, क्लच नाही, ब्रेकचं कामही बरंचसं तेलच करतं. इंजिन आपलं एका लयीत फिरत राहणार आणि बाकी सगळी ताकद बोटभर जाडीच्या होजमधून तेलाच्या रूपाने हिंडणार. हे सगळं तेल एकाच टाकीतलं. म्हणजे आर्मची होज गळली तरी टाकी रिकामी होते आणि चाकांचे पंपही उपाशी पडतात. मग ते तेलाबरोबर हवा ओढायला लागतात, तेलाला फेस येतो, पंप किंकाळ्या मारतो. दादा म्हणाला, ‘‘अगं, तो आवाज महिनाभर येतोय.’’ मेस्त्रींनी त्याच्याकडे फक्त बघितलं.

या पोटाला खालून पत्रा असतो. त्यामुळे तेल गळतं एकीकडे, साचतं दुसरीकडे आणि जमिनीवर टपकतं तिसरीकडेच. वर पंखा ते उडवतो, त्यावर तुसाची धूळ बसते आणि काळा, जाड चिखल तयार होतो. गरम इंजिनाच्या शेजारी तेलात भिजलेलं तूस म्हणजे आगीला आवतण. बादलीभर तरी निघालं असेल ते. डिझेल आणि ब्रश, मग पाण्याचा प्रेशर, मग कॉम्प्रेसरची हवा. पत्रा कोरडा खडखडीत झाल्यावर मेस्त्री म्हणाले, ‘‘ताई, घरात पावडर आहे का? तोंडाला लावायची?’’

मी वहिनीची टाल्कम पावडर आणली. त्यांनी ती सगळ्या जोडांवर, वॉल्व्हवर, होजांवर भुरभुरली. सगळं पांढरं! केबिन खाली आणली, इंजिन चालू, आर्म वर, खाली, बकेट उलटं, सुलटं, पुन्हा बंद, पुन्हा केबिन वर. आणि त्या पांढऱ्याशुभ्र पावडरीत दोन काळसर रेघा उमटलेल्या! एक कंट्रोल वॉल्व्हच्या तोंडापासून सुरू होऊन खाली ओघळलेली. दुसरी एका होजच्या कडेला, जिथे ती चासीच्या पत्र्याला घासत होती. ‘‘सगळ्यात वरचा ओला बिंदू शोधायचा, ताई. खालचं सगळं त्याचंच पाप.’’ मी अक्षरशः टाळ्या वाजवल्या.

होजकडे मी बोट न्यायला लागले तर मेस्त्री ओरडलेच. अशा जुन्या यंत्रातसुद्धा दाब दर चौरस इंचाला दोन हजार पौंडांच्या आसपास असतो. इंजिन चालू असताना सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून निघालेली धार डोळ्यांना दिसतही नाही, पण ती सरळ कातडी भेदून आत शिरते. वरून मुंगी चावल्याएवढी खूण, फारसं दुखतही नाही, आणि आत तेल पेशी मारत सुटतं. ताबडतोब शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट जातं, कधी हातही. म्हणून बारीक धार शोधायची तर पुठ्ठ्याचा तुकडा दूर धरून. आणि आर्म वर ठेवून काम करायचं असेल तर त्याचा लोखंडी लॉक बसवल्याशिवाय खाली डोकंसुद्धा घालायचं नाही. या दोन बाबतींत मेस्त्रींकडे थट्टा नव्हती.

होज काढून बघितली. वरचं रबर घासून गेलेलं, आतली पोलादी जाळी गंजलेली. सातपूरला जाऊन नवी करून आणली, आणि तो प्रकार मी पहिल्यांदाच पाहिला. होज मापाने कापतात, टोकाला फिटिंग बसवतात, त्यावर धातूची टोपी, आणि एक गोल जबडा चारी बाजूंनी ती टोपी एकसारखी दाबतो. सेकंदभराचं काम! होजवर एक छापील रेघ असते, नंबर-मापांची. ती कशासाठी, माहितेय? बसवताना होजला पीळ पडला तर ती रेघ गोल फिरलेली दिसते. रेघ सरळ, तर होज सरळ. पिळलेली होज दाब आला की उलगडायला बघते आणि नट सैल करते. शिवाय दाबाखाली होज किंचित आखडते, म्हणून ताठ ओढून बसवायची नाही, थोडी ढील द्यायची. एका रेघेत केवढी अक्कल!

नट बसवायची वेळ आली तेव्हा दादाने नळाच्या कामातली पांढरी टेप पुढे केली. मेस्त्रींनी ती खिशातच घातली. या जोडात धातूचा निमुळता कोन धातूच्या कोनावर बसतो. तेल तिथे अडतं, आट्यांमध्ये नाही. टेपचा उपयोग शून्य आणि तिचा एखादा तुकडा वॉल्व्हमध्ये गेला तर नवं दुखणं. एक पाना धरायला, एक फिरवायला, बेताने. जास्त आवळलं तर कोनाला तडा जातो.

आता माझी लाडकी. कंट्रोल वॉल्व्हच्या जोडातून मेस्त्रींनी स्क्रूच्या टोकाने एक काळं कडं उचललं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. ‘‘ही बघा तुमची चार लिटरवाली.’’ ओ-रिंग. मूळची गोल, गुबगुबीत, मऊ असणार. ही मात्र चपटी झालेली, कडा चौकोनी, वाकवली तर कटकन तुटली. वर्षानुवर्षं गरम तेलात राहून रबर कडक होतं, दबलेलं ते दबलेलंच राहतं, आणि तिच्या पाठीमागून तेल वाट काढतं. अशा जोडाला कितीही आवळा, गळती थांबत नाही. कारण अडवायचं काम नटाचं नव्हतंच, ते हिचं होतं.

ते काम ती कसं करते, हे कळलं त्या रात्री मला झोप लागली नाही. मला वाटायचं, रबर घट्ट दाबून बसवलं की झालं. तसं नाही! ओ-रिंगची खाच तिच्यापेक्षा मुद्दाम थोडी रुंद ठेवतात. तेलाचा दाब आला की तो तिला खाचेच्या एका कडेला ढकलतो, ती तिथे पसरते आणि फट बुजवते. दाब जेवढा जास्त, तेवढी ती जास्त चिकटते. जे तेल पळून जायला बघतंय, तेच स्वतःच्या जोराने दार लावून घेतं! डेन्मार्कमध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या नील्स क्रिस्टेन्सन यांनी या रिंगच्या पेटंटसाठी १९३७ साली अर्ज केला आणि १९३९ साली ते मिळालं, तेव्हा ते सत्तरी ओलांडलेले होते. सत्तरी! मला तर अजून बराच अवकाश आहे.

त्याच्याही मागे जायचं तर लंडनचा जोसेफ ब्रामा. त्याने १७९५ साली पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या प्रेसचं पेटंट घेतलं, पण दट्ट्याच्या कडेने पाणी निसटायचं. ते अडवण्याचं श्रेय त्याच्याकडच्या हेन्री मॉडस्ले नावाच्या तरुण कारागिराला दिलं जातं. त्याने चामड्याची वाटीसारखी वळलेली पट्टी बसवली. पाणी त्या वाटीत शिरून तिचे ओठ भिंतीवर दाबतं. आपल्या रॉकेलच्या स्टोव्हच्या पंपात चामड्याचा वायसर असायचा ना, आई ज्याला खोबरेल लावायची? तोच कारभार. आणि दादाच्या लोडरच्या आर्म उचलणाऱ्या जॅकमध्ये निघालं तेही तेच, फक्त चामड्याऐवजी पॉलियुरेथेन.

हो, जॅकही उघडला. रॉडवर कायम एक ओलसर कडं दिसत होतं, मेस्त्री म्हणाले, पोट उघडलंच आहे तर सील बदलून टाकू. पिन हातोड्याने ठोकून काढली, ग्लँड, म्हणजे जॅकच्या तोंडाचं झाकण, सोडवताना दोघांचा घाम निघाला. रॉड बाहेर आल्यावर त्यांनी डोळे मिटून त्यावरून अंगठ्याचं नख फिरवलं. आरशासारख्या क्रोमवर नख कुठे अडकलं तर समजायचं, ओरखडा आहे आणि तो नवं सील आठवड्यात खाऊन टाकणार. नख सुळकन गेलं. नवं सील त्यांनी गरम तेलात घालून मऊ केलं, घडी घालून ग्लँडच्या आतल्या खाचेत सोडलं आणि बोटाने सरळ केलं. ओठ आतल्या बाजूला, तेलाकडे तोंड करून. उलटं बसवलं तर दाबाला धरायला काही राहतच नाही. ‘‘हे मी बसवू?’’ म्हणून दुसऱ्या जॅकचं सील मी मागून घेतलं. बसवलंही!

तेल कुठलं घालायचं यावर मात्र वाद घालू नका, यंत्राचं पुस्तक उघडा. डब्यावरचे ४६, ६८ हे आकडे म्हणजे ४० अंश सेल्सिअसला त्या तेलाचा दाटपणा. काही जुन्या स्किड स्टीअरना तर चक्क इंजिन ऑइल सांगितलेलं असतं. तेल भरून इंजिन मंद चालवलं, आर्म हळूहळू वर-खाली केले, अडकलेली हवा बाहेर पडली, आर्म खाली टेकवून पुन्हा लेव्हल बघितली, थोडं तेल वर घातलं. पंपाची किंकाळी बंद! पुठ्ठा फिरवला, कोरडा. रात्रभर खाली वर्तमानपत्र पसरून ठेवलं. सकाळी दात न घासता बघायला गेले. एक डाग नाही. काढलेलं जुनं तेल डब्यात भरून ठेवलंय, ते शेताच्या बांधावर ओतायचं नाही असा दम मी दादाला दिलाय.

आणि शेवटी कळलेली गंमत. हे यंत्र जन्माला आलंच मुळी कोंबडखतासारख्या कामासाठी! अमेरिकेत मिनेसोटातल्या रॉथसे गावात लुई आणि सिरिल केलर या भावांचं लोहारकाम-दुरुस्तीचं दुकान होतं. टर्की पाळणाऱ्या एका शेतकऱ्याला कोठारातल्या खांबांमधून वळू शकेल असं खत काढायचं यंत्र हवं होतं. त्यांनी १९५७ साली तीन चाकांचं लोडर बनवून दिलं. पुढच्याच वर्षी मेलरो कंपनीने त्याचे हक्क घेतले, १९६० साली त्याला चौथं चाक आलं. तिथे टर्की, सिन्नरला ब्रॉयलर. खांब तेच, खत तेच.

तेव्हा तुमच्या पोल्ट्रीत, गोठ्यात, वीटभट्टीवर असं एखादं यंत्र गळत उभं असेल तर ‘जुनं आहे, चालायचंच’ म्हणून डबा ओतत बसू नका. आवळू नका, टेप गुंडाळू नका, हात तर मुळीच लावू नका. आधी धुवा, मग पावडर मारा आणि मला कळवा. रजा टाकून येते.