चार काटकोन म्हणजे एक वेढा

काल संध्याकाळी सव्वासहाला ती बाहेर आली! सकाळी दहापासून न्हाणीच्या पाइपात अडकून बसलेली पोलादी स्प्रिंग, टोकाला मूठभर केसाळ मुळं घेऊन, माझ्या हातात सुळकन आली. तेव्हापासून भेटेल त्याला मी हेच सांगतेय. सांगलीच्या या घरात बावीस वर्षं राहतेय, रोज इथलंच पाणी सांडतेय, आणि पायाखाली काय चाललंय याचा मला पत्ताच नव्हता!

प्लंबर तिला नुसतं ‘स्प्रिंग’ म्हणतात. तारेची घट्ट पिळलेली लांबलचक गुंडाळी, एका टोकाला फुगीर बोंड, दुसऱ्या टोकाला फिरवायची मूठ. न्हाणीत गुडघाभर नाही तरी घोटाभर पाणी तुंबलं होतं, म्हणून शेजारच्या काकांकडून दहा मीटरची स्प्रिंग आणली, नहाणी ट्रॅपची जाळी काढली आणि आत सोडली. (जाता जाता, ‘नहाणी ट्रॅप’ हा शब्द देशभरातल्या बांधकामाच्या पुस्तकांत असाच छापतात. आपली न्हाणी अख्ख्या भारताच्या प्लंबिंगमध्ये जाऊन बसलीय, हे मला कालच कळलं आणि इतका आनंद झाला!) आठ मीटर आत गेल्यावर ती थांबली. आम्ही आणखी फिरवली. मग मागे ओढली. येईना. मग ह्यांनी आणि दिरांनी मिळून, भिंतीला पाय लावून ओढली. तसूभर हलली नाही.

चार वाजता प्लंबरमामा आले. दारातूनच म्हणाले, “वढू नका ताई. ती दोरी न्हाय.”

मग त्यांनी माझ्या हातात जाड हातमोजे दिले आणि मूठ धरायला लावली. आतलं बोंड अडकलं होतं आणि आम्ही बाहेरून फिरवतच राहिलो होतो, म्हणजे तेवढे सगळे पीळ स्प्रिंगमध्ये साठून राहिले होते. मूठ एकदम सोडली असती तर ती गरकन उलटी फिरून मनगटावर बसली असती. “सावकाश. तिला सुटू द्या, तुम्ही फकस्त धरून ऱ्हावा.” मी मोजले. अकरा फेरे! अकरा फेऱ्यांचा राग त्या तारेत भरलेला होता आणि तो माझ्या तळहातातून एकेक करून उतरत गेला. प्रत्येक फेऱ्याला मूठ थोडी मऊ होत होती. शेवटी ती शांत झाली, तेव्हा मला खरंच एखाद्या घाबरलेल्या जनावराला चुचकारल्यासारखं वाटलं.

पण दोन दणकट पुरुषांनी ओढूनही ती का आली नाही? मी विचारलं, आणि मामांनी जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. त्यांनी कपडे वाळत घालायची दोरी सोडली, अंगणातल्या उंबराच्या बुंध्याला तिचा एक पूर्ण वेढा दिला, एक टोक स्वतः दोन बोटांत धरलं आणि दुसरं मला दिलं. “वढा.” मी सगळा जोर लावला. मामांची दोन बोटं जागची हलली नाहीत! “बैल उधळला की दाव्याचा वेढा खुंट्याला मारत्यात, तसं हाय. तुमच्या पाइपात वळणं किती? ट्रॅपची धरून चार काटकोन. चार काटकोन म्हंजे एक वेढा.”

चार काटकोन म्हणजे एक वेढा! शाळेत तीनशेसाठ अंश घोकले, पण ते माझ्या न्हाणीखाली आहेत असं कोणी सांगितलं होतं का?

रात्री झोप कुठली लागते. शोधत बसले तर याचं गणित अठराव्या शतकातल्या ऑयलर या गणितज्ञापर्यंत जातं. वळणावर दोरी जितकी जोरात ओढाल तितकी ती वळणाच्या आतल्या बाजूला आवळली जाते, आणि घर्षण नुसतं वाढत नाही, प्रत्येक वळणाला गुणलं जातं. घर्षणाचा गुणांक 0.3 धरला तर एका काटकोनाला साधारण 1.6 पट. चार काटकोनांना साडेसहा पट! म्हणजे ह्यांनी आणि दिरांनी 40 किलोची ओढ दिली असेल तर बोंडापर्यंत पोचले जेमतेम 6 किलो. बाकी सगळा जोर पाइपाच्या कोपऱ्यांनी खाल्ला. मी कागदावर तीनदा गुणाकार करून पाहिला.

आणि उपाय इतका सुंदर! सुजलेल्या बोटातली अंगठी आपण कशी काढतो? फिरवत फिरवत. फिरत्या वस्तूचं घर्षण फिरण्याच्या दिशेला गुंतून पडतं, मग मागे सरकायला अगदी थोडा जोर पुरतो. पण स्प्रिंगचं एक पथ्य आहे. उजवीकडे फिरवली की तिचे वेढे आवळतात, डावीकडे फिरवली की ते उसवायला लागतात, आणि जास्त उसवले तर ती आत गाठ मारून बसते. म्हणून अर्धाच फेरा डावीकडे, दोन बोटं मागे. अडली तर ओढायचं नाही, उलट थोडी आत ढकलून सैल करायची. पुन्हा अर्धा फेरा. मामांनी साबणाचं कोमट पाणी ओतलं. उकळतं नाही, कारण पीव्हीसी मऊ पडतं. अ‍ॅसिड टाकलं होतं का, हे त्यांनी आधीच दोनदा विचारून घेतलं होतं, कारण स्प्रिंगबरोबर ते अंगावर उडतं. अंगणातल्या चेंबरचं झाकण पहारीने उचकटून बाजूला केलेलं होतं. आमचं चेंबर अडीच फुटांचं, तरी मामांनी कोणाला आत पाय टाकू दिला नाही. सुरक्षेच्या साधनांशिवाय गटारात माणूस उतरवायला 2013 च्या कायद्याने बंदी आहे आणि ती किती आवश्यक आहे, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार.

सुमारे तासाभराने माझ्या बोटांना काहीतरी कळलं. तारेतून आलेली एक बारीकशी थरथर, खर्र खर्र, जणू आठ मीटरवरून कोणी पुटपुटतंय. “मुळी सोडायला लागली,” मामा म्हणाले. अजून अर्धा फेरा. मग एकदम हलकी! त्याच क्षणी न्हाणीतलं पाणी गर्रकन भोवरा करून खाली गेलं आणि अंगणातून ह्यांची आरोळी आली, “आलं, आलं!”

धुतलेली स्प्रिंग आम्ही अंगणात पाइपाच्या वाटेवर अंथरली, ट्रॅपमधली उतरण वजा केली, आणि बोंड कुठे आलं म्हणता? नेमकं उंबराच्या पारापाशी! तिथे जुना स्टोनवेअरचा, भाजलेल्या मातीचा पाइप आहे. सांध्यातल्या सिमेंटला केसाएवढी भेग पडली की तिथली ओल मुळांना सापडते, तंतूसारखी मुळी आत शिरते आणि आतल्या आत जाड होत जाते. जगभर हेच चालतं. अमेरिकेत आयोवा राज्यातल्या सॅम्युअल ब्लँक यांनी 1933 साली याच मुळांपायी वॉशिंग मशीनची मोटर, रोलर स्केटची चाकं आणि टोकाला पाती लावलेली तार जोडून पाइपातली मुळं कापणारं यंत्र बनवलं. घरगुती भंगारातून! मला त्यांच्या अंगणात जाऊन उभं राहावंसं वाटतं.

गुरुवारी मामा तो तुकडा बदलायला येणार आहेत. 110 मिलिमीटरचा पीव्हीसी, उतार चाळिसास एक, म्हणजे दर मीटरला 25 मिलिमीटर. उंबर तोडायचा नाही, पाइपच जरा वळसा घालून न्यायचा असं ठरलंय. वळणं मात्र काटकोनी नकोत, पंचेचाळीस अंशांचे दोन बेंड टाकूया, असं मी सुचवलं आणि मामांनी मान डोलावली. फरशीवर खडूने रेघ मारून ठेवलीय. गुरुवारची रजाही टाकलीय.