शिसवी चौकट आणि 15 ग्रॅम

शनिवार पेठेतल्या वाड्यांत मे महिन्याची दुपार कॅरमशिवाय सरत नसे. चौकात स्टूल, स्टुलावर बोर्ड, आणि ओसरीवर आपला नंबर कधी लागतो म्हणून ताटकळणारी पोरं. बोर्ड सगळ्या बिऱ्हाडांत मिळून एकच. बोरिक पावडर औषधाच्या दुकानातून पुडीत यायची आणि चिमटीनेच टाकली जायची. पावसाळ्यात प्लाय दमट झालं की स्ट्रायकर अर्ध्या वाटेत थांबायचा. मग वरचा बल्ब खाली ओढून बोर्ड तापवायचा.

आमच्या बोर्डाला नदीकडच्या कोपऱ्यात उतार होता. हळू मारलेली सोंगटी शेवटच्या चार बोटांत तिकडे कलायची. शिसवी चौकटीची एक बाजू मऊ पडलेली, तिथून रिबाउंड यायचाच नाही. वाड्यातल्या प्रत्येकाच्या बोटाला हे ठाऊक. त्यामुळे रमणबागेपलीकडून एखादा तरबेज मुलगा आला तरी सुरुवातीला हरायचा. ओसरीवरचे काका त्याला म्हणायचे, “अरे, जोर नको लावूस. बोर्ड कुठे ओढतोय ते बघ आधी.” थोड्या वेळाने तोच मुलगा राणी घेऊन कव्हरही करायचा, त्याच कोपऱ्यात. खरं कसब ते.

आता बहुतेक वाडे गेले, सोसायट्या आल्या. स्पर्धेचा बोर्ड आरशासारखा गुळगुळीत, 74 सेंटिमीटरचा चौरस, प्लाय किमान 8 मिलिमीटर जाड. घरी बोर्ड स्वतःचा, स्ट्रायकरही दोन-तीन. दुकानात आईवडील विचारतात, कुठल्या स्ट्रायकरने खेळ सुधारेल? कुठल्याच नाही. नियमाप्रमाणे तो 15 ग्रॅमपेक्षा जड असूच शकत नाही, आणि ही मर्यादा मला फार मोलाची वाटते, कारण तिच्यामुळे सगळ्यांच्या हातातलं साधन साधंच राहतं. बिलियर्ड्सचं तसं नाही. पुण्यातच जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी 1958 साली कलकत्त्यात बिलियर्ड्सचं हौशी जगज्जेतेपद मिळवलं, तो पराक्रम मोठाच. पण 12 फुटी टेबल वाड्याच्या चौकात येणार कुठून? कॅरमने पेठेतल्या पोराला दार बंद केलं नाही. चेन्नईचे मारिया इरुदयम, 2016 साली बर्मिंगहॅमला जिंकलेले प्रशांत मोरे, आपल्या पुण्याचे योगेश परदेशी, हे सगळे जगज्जेते झाले ते त्या 15 ग्रॅमच्या आत राहूनच.

चांगल्या बोर्डामुळे जिंकणाऱ्याला उताराचा फायदा उरला नाही आणि हरणाऱ्याला उताराची सबब. हे चांगलंच झालं. तरीही शिकणाऱ्या मुलांना अधूनमधून जुन्या, हट्टी बोर्डावर बसवावं असं मला मनापासून वाटतं. कारण स्पर्धेतलेही दोन बोर्ड कधी सारखे नसतात. एक जलद, एक जड. कसलेला खेळाडू सरावाच्या वेळेत सोंगट्या घालवत बसत नाही. चौकटीच्या चारही बाजूंवर स्ट्रायकर सोडून तो किती परततो ते बघतो, आणि मग ब्रेक घेतो.